रिट्झेब्यूटेलचं आम्ट: एकाच वाड्यात कचेरी आणि कोर्ट

प्रश्न असा आहे: सासरच्या एका पूर्वजाचा जन्म १८३८ सालचा. कागदावर ठिकाण लिहिलंय ‘ड्योझे, आम्ट रिट्झेब्यूटेल, हॅम्बुर्ग’. नकाशात ड्योझे सापडतं ते कुक्सहाफेन शहराचा एक भाग म्हणून, आणि कुक्सहाफेन तर हॅम्बुर्गमध्ये नाहीच, ते नीडरझाक्सेन राज्यात आहे. मग हे आम्ट म्हणजे तालुका होता की कोर्ट? मध्येच हॅम्बुर्ग कुठून आलं? आणि जमिनीचे, वारसाचे कागद आता शोधायचे कुठे?

आधी सरळ उत्तर देते. आम्ट हा तालुकाही होता आणि कोर्टही. १८६०च्या दशकापर्यंत तिथे सारा वसूल करणारा, समुद्राच्या बांधाची पाहणी करणारा, भाऊबंदकीचा निवाडा करणारा आणि शिक्षा फर्मावणारा अधिकारी एकच असे. त्याला आम्टमान म्हणत. पेशवाईतला कमाविसदार वसुलीही बघायचा आणि तंटेही ऐकायचा, तसंच काहीसं समजा. जुने जर्मन सरकारी कागद वाचून देणं हा माझा रोजचा व्यवसाय आहे. त्यात मी पुन्हा पुन्हा पाहते की लोक अडतात ते जुन्या लिपीपाशी कमी आणि खात्यांपाशी जास्त. आजची खाती डोक्यात ठेवून ते दोनशे वर्षांपूर्वीचं दप्तर उघडतात. ‘कोर्टाचे कागद’ मागतात, ते मिळत नाहीत, आणि कागद नष्ट झाले असं धरून चालतात. कागद असतो, पण वसुलीच्या किंवा बांधाच्या बासनात.

आता हॅम्बुर्गचा संबंध. हॅम्बुर्ग हे मोठं बंदर, पण ते समुद्रावर नाही. एल्बे नदीतून सुमारे शंभर किलोमीटर आत गेल्यावर ते लागतं. नदीचं मुख ज्याच्या हातात, त्याच्या हातात हॅम्बुर्गचा व्यापार. म्हणून शहरानं १३०० ते १३१० या दहा वर्षांत मुखाजवळच्या नॉयवेर्क बेटावर विटांचा एक भक्कम बुरूज बांधला. तो आजही उभा आहे. समोरच्या किनाऱ्यावर लाप्पे नावाचं सरदार घराणं होतं, त्यांची गढी रिट्झेब्यूटेलला. हॅम्बुर्ग आणि लाप्पे यांचं आधी जमलं, मग बिनसलं. १३९३ साली हॅम्बुर्गनं शेजारच्या वुर्स्टेन प्रदेशातल्या फ्रीझियन लोकांच्या मदतीनं गढी जिंकली आणि १३९४ साली लाप्पे घराण्यानं आपले हक्क रीतसर विकून टाकले. तेव्हापासून १९३७ सालापर्यंत, म्हणजे पाचशे चाळीसहून जास्त वर्षं, गढी आणि तिच्याभोवतीची गावं हॅम्बुर्गची राहिली. ग्रोडेन, ड्योझे, डूनेन, सालेनबुर्ग ही त्यातली काही.

या काळात आजूबाजूचा मुलूख मात्र सतत हात बदलत होता. आधी तो ब्रेमेनच्या आर्चबिशपचा होता. १६४८च्या तहानं स्वीडनकडे गेला, १७१५च्या सुमारास हानोफरकडे, आणि १८६६ साली प्रशियानं हानोफरच गिळलं. पूर्वेला हाडेल्न हा शेतकऱ्यांचा स्वतःचे हक्क जपून असलेला प्रदेश. या सगळ्यांच्या मधोमध हॅम्बुर्गचा हा लहानसा तुकडा. म्हणून पलीकडच्या गावातल्या चुलतभावाचा कागद वेगळ्या राज्याचा, वेगळ्या कायद्याचा आणि वेगळ्या दप्तरातला असतो. घराणं एकच असलं तरी शोध दोन ठिकाणी घ्यावा लागतो.

आम्टमान कोण असे, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. तो हॅम्बुर्गच्या राट म्हणजे शहराच्या सत्ताधारी मंडळाचा सदस्य असायचा, आणि नेमणूक सहा वर्षांसाठी व्हायची. तो कुटुंबकबिल्यासह रिट्झेब्यूटेलच्या गढीत राहायला येई. ही गढी आजही पाहता येते. मागच्या बाजूला चौदाव्या शतकातला विटांचा जाड मनोरा आणि त्याला पुढून जोडलेला नंतरच्या काळातला राहता भाग. एका बाजूनं किल्ला वाटतो, दुसऱ्या बाजूनं श्रीमंत व्यापाऱ्याचं घर. राहणं, कचेरी आणि न्यायदान एकाच आवारात. गावपातळीवर शुल्थाइस नावाचे स्थानिक प्रमुख मदतीला असत, पण निर्णय गढीत व्हायचा आणि त्यावर दाद मागायची तर हॅम्बुर्गलाच.

सहा वर्षांनी माणूस बदलत असल्यामुळे दप्तरावर प्रत्येकाचा ठसा उमटलाय. १७३५ ते १७४१ या काळात बार्टोल्ड हाइनरिश ब्रॉकेस इथे आम्टमान होते. जर्मन साहित्यात निसर्गकवी म्हणून त्यांचं नाव मोठं आहे. रिट्झेब्यूटेलच्या वास्तव्यावरही त्यांनी भरभरून लिहिलं आणि जवळच्या वनराईला आजही ब्रॉकेसवाल्डे म्हणतात. परंपरेतले शेवटचे आम्टमान गुस्टाव हाइनरिश किर्शेनपाउअर, १८५८ ते १८६४. ते मुत्सद्दी होते, पुढे हॅम्बुर्गचे महापौर झाले. पण त्यांना खरी ओढ समुद्री जिवांची. एल्बेच्या मुखात जहाजांना वाट दाखवण्यासाठी जे तरंगते पिंप बांधलेले असत, त्यांवर कोणते जीव आणि कोणत्या वनस्पती चिकटतात याचा अभ्यास त्यांनी १८६२ साली छापला. समुद्राच्या दिशेनं एकेका पिंपावरची वस्ती कशी बदलते, हे त्यांनी मांडलं. आम्टचा कारभार करता करता एवढं बारीक काम करणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

आता तुमच्यासाठी महत्त्वाचा भाग: या कचेरीत सामान्य शेतकऱ्याचा कोणता कागद तयार व्हायचा? आपल्याला कोर्ट म्हटलं की खटला आठवतो. पण उत्तर जर्मनीतल्या जुन्या आम्टांच्या दप्तरांत बिनभांडणाचे कागद भरपूर असतात. जमिनीची विक्री, कर्जाचं गहाण, अज्ञान मुलांचे पालक नेमणं, मेलेल्याच्या घरातल्या चीजवस्तूंची यादी, लग्नाचा करार. माझ्या दृष्टीनं त्यातला सर्वांत बोलका कागद म्हणजे म्हातारपणी शेत मुलाच्या नावावर करून देण्याचा करार. त्याला आल्टेनटाइल म्हणजे वडीलधाऱ्यांचा वाटा जोडलेला असतो. आईवडील घर आणि जमीन सोडतात, पण काय काय राखून ठेवतात ते कलमवार लिहून घेतात. राहायला अमुक खोली, वर्षाला इतकं राय नावाचं धान्य, इतकं जळण, एका गाईचा चारा, बागेतला एक पट्टा, आजारपणात सेवा आणि मेल्यावर रीतीप्रमाणे मूठमाती. जावई किंवा सून यांच्याशी पटलं नाही तर वेगळं राहण्याची तरतूदही कधी कधी असते. घरात प्लाटडॉइच ही उत्तर जर्मनीतली बोली बोलणाऱ्या माणसांचं म्हणणं कारकून उच्च जर्मनमध्ये आणि कायद्याच्या ठराविक साच्यात उतरवतो, तरी कुठल्या खोलीवरून घासाघीस झाली ते शब्दांतून कळतं. वंशावळीसाठी जन्ममृत्यूच्या तारखा हव्याच, पण माणसं भेटतात ती अशा करारांत. तुमच्या पूर्वजाच्या घरी जमीन असेल तर याच प्रकारच्या कागदाची मागणी आधी करा.

दुसरा मोठा विषय बांध. ड्योझे आणि ग्रोडेनसारखी गावं समुद्रातून मिळवलेल्या सपाट, सुपीक जमिनीवर वसलेली. भरतीच्या पातळीपेक्षा ही जमीन फारशी उंच नाही, म्हणून मातीचा बांध टिकला तर गाव टिकणार. प्रत्येक जमीनमालकाच्या वाट्याला बांधाचा ठरलेला तुकडा असे आणि तो स्वतःच्या खर्चानं, स्वतःच्या अंगमेहनतीनं राखावा लागे. पाहणीच्या दिवशी आम्टमानाची माणसं बांधावरून चालत जात. कुणाच्या तुकड्यात भगदाड, उंदरांची बिळं किंवा उघडी माती दिसली की दंड. एकाच्या आळसामुळे सगळ्यांची शेतं खाऱ्या पाण्याखाली जाणार, म्हणून या बाबतीत दयामाया नव्हती. ‘ज्याला बांध घालायचा नाही, त्यानं निघून जायचं’ ही म्हण उत्तर समुद्राच्या त्या किनाऱ्यावर आजही सगळ्यांना पाठ आहे.

त्या किनाऱ्यावर फावड्याचा कायदाही प्रसिद्ध होता. बांधाचा खर्च झेपेनासा झाला की मालक आपलं फावडं बांधात रोवून ठेवी. त्याचा अर्थ, मी जमीन सोडली. जो कुणी ते फावडं उपटेल त्याला जमीन मिळे, आणि तिच्याबरोबर बांधाची जबाबदारीही. १७१७च्या नाताळच्या रात्री आलेल्या महापुरानं उत्तर समुद्राचा सगळा किनारा झोडपला, रिट्झेब्यूटेललाही जबर फटका बसला. अशा आपत्तीनंतर बांधाचे हिशेब, करमाफीचे अर्ज आणि जमिनीची हस्तांतरं यांचा पूर येतो. कुटुंबाची जमीन अचानक दुसऱ्याच्या नावे दिसली तर घाईनं भाऊबंदकीचा निष्कर्ष काढू नका. आधी त्या वर्षाच्या मागेपुढे समुद्रानं काय केलं ते पाहा. आणि आता कळेल की हे कागद ‘कोर्टात’ का सापडत नाहीत. दंड न्यायाचा, बांध कारभाराचा, पण आम्टमानाच्या टेबलावर तो एकच विषय होता.

किनाऱ्यावरचा तिसरा विषय जहाजांचा. एल्बेच्या मुखातल्या वाळूच्या पट्ट्यांवर जहाजं रुतायची, फुटायची. वाहून आलेला माल कुणाचा, वाचवणाऱ्यांना किती हिस्सा, हे प्रश्न आम्टपुढे यायचे. जहाजांना वाट दाखवणाऱ्या लोत्सेंची म्हणजे वाटाड्या खलाशांची इथे मोठी वस्ती होती. ते हॅम्बुर्गच्या आडमिरालिटेट या १६२३ साली स्थापन झालेल्या सागरी खात्याच्या देखरेखीखाली येत. तुमचा पूर्वज लोत्से असेल तर त्याचा शोध आम्टच्या दप्तराबाहेर, हॅम्बुर्गच्या सागरी खात्यांच्या कागदांतही घ्यायला हवा. १७९५ नंतर फ्रेंचांनी हॉलंड व्यापल्यावर इंग्लंडची टपालजहाजं कुक्सहाफेनला यायला लागली आणि हे लहानसं बंदर अचानक युरोपच्या राजकारणात महत्त्वाचं ठरलं.

मग नेपोलियन. १८११ साली हॅम्बुर्ग आणि त्याचा मुलूख थेट फ्रेंच साम्राज्यात सामील केला गेला. ही राजवट १८१४ सालापर्यंतच टिकली, पण आपल्या विषयाच्या दृष्टीनं ती फार मोलाची आहे. फ्रेंच पद्धतीत गावचा कारभार मेअरकडे आणि लहान दावे शांतिन्यायाधीशाकडे, म्हणजे दोन वेगळ्या माणसांकडे. शिवाय जन्म, लग्न, मृत्यू यांची नोंद चर्चऐवजी सरकारी वहीत. कारभार आणि न्याय वेगळे असू शकतात हे या शेतकऱ्यांनी पहिल्यांदा तेव्हा पाहिलं. १८१४ नंतर हॅम्बुर्गनं जुनी घडी पुन्हा बसवली, गढीत पुन्हा आम्टमान आला.

तो आम्टमान होता आमांडुस आउगुस्टुस आबेंडरोथ. फ्रेंचांच्या आधी, १८०९–१० मध्ये, त्यांनी हे पद सांभाळलं होतं, फ्रेंच काळात ते हॅम्बुर्गचे मेअर झाले, आणि १८१४ ते १८२१ पुन्हा रिट्झेब्यूटेलला होते. गोटिंगेनचे भौतिकशास्त्रज्ञ लिश्टेनबर्ग यांनी १७९३ साली लेख लिहून विचारलं होतं की जर्मनीत समुद्रस्नानाचं मोठं ठिकाण का नाही, आणि त्यासाठी याच परिसराकडे बोट दाखवलं होतं. आबेंडरोथनी ते मनावर घेतलं आणि १८१६ साली कुक्सहाफेनला समुद्रस्नानगृह सुरू झालं. १८२३ साली कवी हाइनरिश हाइने तिथे प्रकृतीसाठी येऊन राहिले. आज कुक्सहाफेन पर्यटनावर जगतं, त्याची सुरुवात एका आम्टमानाच्या कचेरीत झाली. एकाच माणसाच्या हाती सगळी सूत्रं असण्याचा हा चांगला परिणाम म्हणता येईल. वाईट परिणाम ज्यांच्यावर झाला ते शेतकरी होते. कर लावणाऱ्या माणसाविरुद्ध तक्रार करायची तर ती ऐकणाराही पहिल्यांदा तोच.

ही गाठ सुटायला बराच वेळ लागला. १८४९च्या फ्रांकफुर्टच्या राज्यघटनेनं न्याय आणि कारभार वेगळे आणि एकमेकांपासून स्वतंत्र असावेत असं स्पष्ट म्हटलं. ती घटना अमलात आली नाही, पण कल्पना मागे हटली नाही. शेजारच्या हानोफर राज्यानं १८५२ साली खालच्या पातळीवर दोन्ही वेगळे करून आम्ट्सगेरिष्ट ही स्वतंत्र न्यायालयं काढली. हॅम्बुर्गला १८६० साली नवी राज्यघटना मिळाली. १८६४ साली किर्शेनपाउअर परत गेल्यावर राटच्या सदस्यानं गढीत राहून राज्य करण्याची प्रथा संपली आणि आम्ट्सफेरवाल्टर म्हणजे नेमलेला प्रशासक आला. निर्णायक रेघ मात्र १ ऑक्टोबर १८७९ची. त्या दिवशी जर्मन साम्राज्याचा न्यायालय-रचनेचा कायदा लागू झाला आणि संपूर्ण देशात एकसारखी उतरंड आली. खाली आम्ट्सगेरिष्ट, त्यावर लांडगेरिष्ट, त्यावर ओबरलांडेसगेरिष्ट आणि सर्वांत वर लाइपत्सिगचं राइख्सगेरिष्ट. हॅम्बुर्ग राज्यात तीन आम्ट्सगेरिष्ट झाली: हॅम्बुर्ग शहर, बेर्गेडोर्फ आणि रिट्झेब्यूटेल. अपील हॅम्बुर्गच्या लांडगेरिष्टाकडे आणि तिथून हान्झेआटिक ओबरलांडेसगेरिष्टाकडे जायचं. हे उच्च न्यायालय हॅम्बुर्ग, ब्रेमेन आणि ल्युबेक या तिन्ही शहरांचं मिळून होतं.

त्यानंतरच्या घडामोडी झटपट सांगते. १८७२ साली कुक्सहाफेन आणि रिट्झेब्यूटेल एक झाले, १९०७ साली त्यांना शहराचा दर्जा मिळाला, ड्योझे त्याच काळात शहरात आलं. १ एप्रिल १९३७ रोजी नाझी सरकारचा मोठ्या हॅम्बुर्गचा कायदा लागू झाला. हॅम्बुर्गला आल्टोना, हारबुर्ग-विल्हेल्म्सबुर्ग, वान्ड्सबेक मिळाले आणि बदल्यात कुक्सहाफेनसह हा मुलूख प्रशियाच्या हानोफर प्रांतात गेला. महायुद्धानंतर तो प्रांत नीडरझाक्सेन राज्यात आला. तुमच्या नकाशाचं कोडं ते हेच. नॉयवेर्क बेट १९६९ साली हॅम्बुर्गकडे परतलं. ते आज शहराच्या मध्य विभागात मोडतं, मध्ये समुद्र असला तरी. कुक्सहाफेनचं आम्ट्सगेरिष्ट चालू आहे, पण आता ते श्टाडेच्या लांडगेरिष्टाखाली आणि त्सेलेच्या ओबरलांडेसगेरिष्टाखाली येतं.

तर शोध घेताना गावापेक्षा तारखेपासून सुरुवात करा. १८३८च्या जन्मासाठी सरकारी नोंदवही नाहीच, कारण हॅम्बुर्गनं ती १८६६ साली सुरू केली आणि सगळ्या जर्मनीत ती १ जानेवारी १८७६पासून आली. म्हणजे चर्चची बाप्तिस्म्याची वही. ड्योझेचं चर्च सेंट गेरट्रूड, ग्रोडेनचं सेंट आबुंडुस. १८११ ते १८१४च्या घटनांसाठी फ्रेंच काळातली नोंदवही विचारा, त्याच्या आजोबांची पिढी तिथे भेटू शकते. १८६४पूर्वीचे करार, वारस, दंड, बांध हे सगळं आम्टच्याच कारभारात पाहायचं, कोर्ट वेगळं शोधायचं नाही. १८६४ ते १८७९ हा मधला काळ, त्यात दोन्ही बाजू तपासा. १८७९नंतर वारस आणि पालकत्व आम्ट्सगेरिष्टात, रस्ते आणि कर कारभाराच्या खात्यात.

पत्रव्यवहार तीन ठिकाणी करा: कुक्सहाफेनचं नगर अभिलेखागार, हॅम्बुर्गचं राज्य अभिलेखागार आणि नीडरझाक्सेनच्या अभिलेखागाराची श्टाडे शाखा. हॅम्बुर्गकडे गेलेल्या अपिलांचे आणि अहवालांचे जुने कागद मागताना एक लक्षात असू द्या. मे १८४२च्या मोठ्या आगीत शहराचा जुना टाउनहॉल उडवून द्यावा लागला आणि नगर अभिलेखागारातलं पुष्कळ काही जळालं. म्हणून हॅम्बुर्गहून नकार आला तरी रिट्झेब्यूटेलच्या बाजूची प्रत शिल्लक असू शकते. सध्याच्या जमीनदाखल्यासाठी आम्ट्सगेरिष्ट कुक्सहाफेनला लिहावं लागेल, आणि तिथे नुसतं कुतूहल चालत नाही, कायद्यानं मान्य होईल असं कारण द्यावं लागतं.

पत्रात पूर्वजाचं पूर्ण नाव, ‘किर्शश्पील ड्योझे, आम्ट रिट्झेब्यूटेल’ असं जुनं ठिकाण (किर्शश्पील म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग), शोधाची वर्षं, आणि हवा असलेला कागदाचा प्रकार हे चारच मुद्दे लिहा. फक्त ‘कुटुंबाची सगळी माहिती’ असं लिहिलं तर कर्मचारी शोध सुरूच करू शकत नाहीत. १८३८च्या बाप्तिस्म्याची नोंद हाती आली की बापाचा व्यवसाय त्यात सहसा सापडतो. शेतकरी, मजूर की लोत्से, त्यावर पुढचं दप्तर ठरेल.